दव सुकेपर्यंतची पस्तीस मिनिटं

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातलं कोरडवाहू घर. पाच एकर वावर, त्यात पराटी म्हणजे कपाशी, पराटीत तुरीच्या ओळी आणि एका तुकड्यात सोयाबीन निघाल्यावर हरभरा. घरात सहा माणसं : सासू-सासरे, नवरा, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि ती, वय चौतीस. गोठ्यात एक दुभती गाय, तिचा गोऱ्हा आणि दोन बकऱ्या. हे कुठलं एक घर नाही. या पट्ट्यात घरोघर दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून मांडल्या आहेत, म्हणून नाव-गाव दिलेलं नाही, आणि मिनिटांचे आकडेही अशा घराचा नमुना हिशेब म्हणूनच वाचावेत.

तिचं मागणं लहान आहे. "अर्धा घंटा मले कोणी आवाज नाही द्याले पाहिजे, बस." त्या अर्ध्या तासात काय करणार, हे ती सांगत नाही आणि विचारूही नये. विचारलं की तिला काहीतरी उपयोगाचं उत्तर द्यावं लागतं, शिवणकाम म्हणा किंवा गटाचं रजिस्टर लिहिणं म्हणा, आणि तो अर्धा तास तिथेच कामात जमा होतो.

म्हणून आधी हे ठरवलं, की काय मोजायचं नाही. बचत गटाची बैठक मोजायची नाही. मुलाचा अभ्यास घेत बसणं, लग्नाला जाणं, आंघोळ, दवाखान्याच्या रांगेत बसणं, यातलं काहीच नाही. मोजायचा तो सलग किमान २५ मिनिटांचा वेळ, हाकेच्या टप्प्याबाहेरचा.

दिवसाची नोंद

नोंद रात्री आठवून लिहिली तर फसते, कारण दोन-चार मिनिटांची कामं आठवतच नाहीत आणि गोम नेमकी त्यांच्यात असते. सोपा उपाय असा, की चुलीजवळच्या भिंतीला जुन्या कॅलेंडरचं पान उलटं लावायचं, सुतळीला पेन बांधायचा आणि काम बदललं की फक्त वेळ आणि कामाचा एक शब्द लिहायचा. असे तीन दिवस पुरतात : एक नळ येतो तो, एक नळ येत नाही तो आणि एक बाजाराचा. नोंद वेचणीच्या हंगामातली आहे, सीतादही (वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा) होऊन पहिला वेचा निघाल्यानंतरची.

ती पावणेपाचला उठते, सव्वानऊला वावरात जायला निघते, साडेपाचला परतते आणि पावणेदहाला पाठ टेकते. वावर सोडून घरातले तास धरले तर ५२५ मिनिटं होतात. त्यात स्वयंपाक १५० (सकाळी ८०, रात्री ७०), चूल पेटवणं आणि आंघोळीचं पाणी तापवणं ५०, पाणी भरणं दिवसाआड नळ धरून सरासरी ३५, झाडलोट, सडा आणि गोठा ५५, भांडी ४५, कपडे ३०, पोरांचे डबे, वेणी, अभ्यास ५०, सासू-सासऱ्यांचा चहा-औषध २५, आणि तिचं स्वतःचं जेवण-आंघोळ ३५. झाली ४७५.

राहिलेली ५० मिनिटं कुठे गेली? कुठेच गेली नाहीत. ती दिवसभर तुकड्यातुकड्यांनी पडलेली होती, चौदा ठिकाणी. सगळ्यात मोठा तुकडा सात मिनिटांचा, तोही कुकरची शिट्टी ऐकत काढलेला. म्हणजे वेळ नाही हे तिचं म्हणणं मिनिटांच्या हिशेबात खरं नाही आणि जगण्यात शंभर टक्के खरं आहे. तीन-तीन मिनिटांच्या चौदा तुकड्यांत माणूस टेकतो, बसत नाही.

देशाचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देत होते. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. हे सहा वर्षांवरच्या, ते काम करणाऱ्या माणसांचे आकडे आहेत. पण खेड्यातल्या घराला ते लावताना एक ध्यानात घ्यावं, की पाणी आणणं, सरपण आणि ढोरं या पाहणीत घरकामात येत नाहीत, त्यांचं खातं वेगळं आहे. सडा टाकून गोठ्यात शिरणारी बाई तीन पावलांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. तिला तो सगळा एकच सकाळचा घोर वाटतो.

आधीचे दोन प्रयत्न

पहिला प्रयत्न चार वाजता उठण्याचा. असा सल्ला देणारे बहुतेक आयता चहा पिणारे असतात. पहिले तीन दिवस तिला खरंच अर्धा तास मिळाला. चौथ्या दिवशी नळाची वेळ बदलली, पाचव्या दिवशी सासऱ्यांना तिची चाहूल लागली आणि चहा सव्वापाचऐवजी साडेचारला लागला. आठवड्याभरात सगळं घर अर्धा तास आधी जागं होऊ लागलं आणि तिची झोप अर्ध्या-पाऊण तासाने घटली. लवकर उठून काढलेल्या वेळेला राखण नसते. घरातलं जे काम पहिल्यांदा तिथे पोचतं ते त्यात घुसतं.

दुसरा प्रयत्न दुपारी खोलीचं दार लावून पडण्याचा. तो रविवारी करून पाहिला आणि तासाभरात मोडला. गावात भर दुपारी सुनेचं दार बंद दिसलं, तर त्याचे दोनच अर्थ निघतात, बाई आजारी आहे किंवा घरात भांडण झालं आहे. शेजारची जाऊ विचारायला आली, तिच्यामागे सासूबाई. "बरं नाही वाटत का वं?" या प्रश्नाला "बरं वाटते, पण पडली आहो" असं उत्तर देणं सोपं नाही. घरात बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई, हा हिशेब दाराच्या कडीने बदलत नाही.

वेळ कुठे लपला होता

हे वेचणीतच कळतं, बाकी हंगामात नाही. दव असताना कापूस वेचू नये. ओला कापूस गाठोड्यात दबला की पिवळा पडतो आणि भावात मार खातो. सीसीआयच्या (केंद्राच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण भावाला चालतो, त्यापुढे कपात लागते आणि १२ टक्क्यांवर गेला की माल परत. नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात पराटीवरचं दव उतरायला साडेनऊ तरी होतात. म्हणजे वावरात आठ-पन्नासच्या सुमारास पोचलेल्या बाईला पस्तीस-चाळीस मिनिटं कापसाला हात लावायचा नसतो. बांधावर निंब आहे, घर वीस मिनिटांच्या वाटेवर आहे, हाक पोचत नाही. आणि नवराही तक्रार करू शकत नाही, कारण थांबण्यात मालाचा भाव आहे.

दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचायला जाणाऱ्या बाईला हे लागू नाही. तिथे प्रत्येक मिनिटाचे पैसे असतात आणि गडी-बाया दवातच ओटी बांधून ओळीला लागतात. हे प्रकरण स्वतःच्या पराटीचं आहे.

अडचण अशी, की ती निघत होती सव्वानऊला. पोचेपर्यंत दव उतरलेलं. शिवाय थोडं लवकर पोचली तर गाईसाठी भारा कापायचं काम तिचंच. म्हणून दोन गोष्टी साधायच्या : घरातून साडेआठला पाय काढायचा, म्हणजे सकाळची ४५ मिनिटं वाचवायची, आणि भारा तिच्या डोक्यावरून उतरवायचा.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ भाकरीत जातो. सकाळी १४ भाकरी लागतात, डब्यासकट. एका तव्यावर दोन्ही बाजू भाजून काढल्या, तर एकीला साडेतीन मिनिटं, म्हणजे ४९ मिनिटं. सोय अशी करायची, की तवा जाळावर ठेवायचा, भाकरीची पाणी लावलेली बाजू वाळली की उलटायची, दुसरी बाजू धरली की तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी टेकवायची. ती तिथे फुगेपर्यंत तव्यावर पुढची पडते. मग एका भाकरीमागे सव्वादोन मिनिटं लागतात आणि १४ भाकरी ३२ मिनिटांत होतात. दुसरा तवा चढवून आणखी फायदा होत नाही, कारण आता अडतं ते थापण्यात, भाजण्यात नाही.

इथे एक चूक हटकून होते. वेळ वाचवायचा म्हणून सगळं पीठ एकदम मळून ठेवतात. ज्वारीला गव्हासारखा चिकटा नसतो. गोळा पाच-सात मिनिटांत सुकतो, थापताना कडा फाटतात, आणि फाटलेली भाकर फुगत नाही. पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं आणि एका वेळी तीन भाकरींपुरतंच मळावं. रात्रीचं पीठ सकाळी मळण्याचा तर विचारच नको. कणीक मळून ठेवता येते, पण या घरात रोज पोळ्या खाणारं कोणी नाही.

चहा. नोंदीत सकाळी तीनदा दिसतो : सव्वापाच, साडेसहा, आठ. दरवेळी आठ-नऊ मिनिटं. एक लिटरचा थर्मास आणून सहाला एकदाच करायचा, म्हणजे दहा-बारा मिनिटं नक्की सुटतात. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवून रिकामा करावा, नाहीतर चहा तासाभरात कोमट होतो. दुधाचा चहा दोन तासांपलीकडे ठेवू नये, वास येतो. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिळा चहा म्हणून कप सरकवला, तेव्हा त्यांचा आठचा कप सासूबाईंनी ताजा करून द्यावा असं ठरलं. त्यांचा तो कप वाचवण्याच्या नादात बाकीचे दोन हातचे घालवू नयेत.

आंघोळीचं पाणी हा वीस मिनिटांचा वाटा आहे आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्लीही. जर्मनचा मोठा गंज म्हणजे पातेलं, आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे पराटीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ. पऱ्हाटी भुरुभुरु जळते, दर तीन-चार मिनिटांनी सारावी लागते, त्यामुळे चुलीपुढून उठता येत नाही. हे काम नवऱ्याकडे द्यायचं.

का हेच? कारण काम देताना पहिला प्रश्न हा असतो, की ते झालं नाही तर कोणाला लागेल. आधी भारा आणि गोठा त्याच्याकडे दिला होता, तो तिसऱ्या दिवशी चौकात बसला, गाय तहानेली राहिली, आणि पाणी पाजायला सासूबाई गुडघे धरत उठल्या. मुक्या जनावराला ताटकळत ठेवून धडा शिकवायचा नसतो, त्यामुळे तिने उठून ते काम परत घेतलं आणि बोलणं खाल्लं ते वेगळंच. आंघोळीच्या पाण्याचं तसं नाही. ते तापलं नाही तर थंड पाणी त्याच्याच अंगावर पडतं. डिसेंबरात दोन सकाळी थंड आंघोळ झाली, तिसऱ्या दिवशी गंज वेळेवर चढला. मग पंधरवड्याने भारा दिला, तोही सकाळचा न ठेवता संध्याकाळी परतताना कापायचा. तोपर्यंत आठवण न करता काम करायची सवय लागली होती.

यात तिलाही एक गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे आठवण करणं. "पाणी ठेवलं का?" असं तिने रोज विचारलं, तर काम त्याचं आणि डोकं तिचं, असा अर्धा सौदा होतो. काम असं दिलं जातं : पऱ्हाट्या मोडून चुलीजवळ आणणं, गंज भरणं, जाळ सारणं आणि राख काढणं, सगळं एकाच्याच हातात. पऱ्हाट्या संध्याकाळीच मोडून ठेवल्या नाहीत, तर सकाळी दवाने ओल्या असतात, धूर होतो आणि मग तीच पुन्हा फुंकणीला बसते.

वाचलेली मिनिटं मांडली तर भाकरीची १७, पाण्याची २०, चहाची १०, म्हणजे ४७.

गॅसबद्दल एक वेगळी गोष्ट. सिलिंडर घरात आहे, पण पाहुण्यांसाठी राखलेला. मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम खातो. रोज सकाळी ४० मिनिटं चहा, भाजी आणि कुकर त्यावर केले, तर १४.२ किलोचा सिलिंडर साडेतीन महिने तरी जायला हवा. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच राहू द्यावं. हा हिशेब कागदावर मांडून नवऱ्यापुढे ठेवला की बोलणं सोपं जातं. नुसतं "गॅस वापरू द्या" म्हटलं तर तो खर्च वाटतो. वरणाला सहा माणसांची पाव किलो तुरीची दाळ गाईचं दूध काढायला जाताना भिजत घातली, तर तीन शिट्ट्यांत शिजते, कोरडी चढवली तर पाच-सहा लागतात.

पोरीच्या डोक्यावर काय चढलं

आईचं जे काम सुटतं ते घसरत घसरत सातवीतल्या मुलीवर येतं, आणि कोणी ठरवून केलेलं नसल्याने कोणाला दिसतही नाही. नळाला २५ फुटी पाइप लावून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सोडला, म्हणजे हंडे वाहायचे बंद. पण ड्रम भरेपर्यंत उभं कोण राहणार? मिनिटाला आठ लिटरची धार असेल, तर २५ मिनिटं. पहिल्या आठवड्यात ती मुलगीच होती, हातात पुस्तक आणि लक्ष धारेवर. मग ते काम दुसरीतल्या भावाकडे दिलं, ड्रमला आतून खडूची रेघ मारून : पाणी रेघेला लागलं की ओरडायचं. मुलगा मोठ्या हौसेने ओरडतो. मुलीची सगळी कामं मिळून दिवसाला २० मिनिटांच्या आत राहावीत आणि कुठलंही काम तिला आठवणीत ठेवावं लागू नये, ही अट कागदावर सर्वांत वर लिहावी. नाहीतर तिच्या आईला मोकळं करून वीस वर्षांनी तीच गाठ पुन्हा बांधायची.

सासूबाई

"आमच्या वक्ताले कोणाले येळ भेटे वं? हात रिकामा दिसला तं बुढी सूप देये हातात." यात राग कमी आणि हिशेब जास्त आहे. त्यांना कधी मिळालं नाही, आणि सुनेला मिळतं आहे, मग त्यांच्या राबण्याचं काय? याला उत्तर बोलून देता येत नाही. त्यांचाही एक तास ठरवून देणं हेच उत्तर. संध्याकाळी सात ते आठ, टीव्हीपुढे किंवा हरिपाठाला, जे त्यांना हवं ते, आणि त्या वेळात त्यांना कुठल्याही कामाला हाक मारायची नाही. त्याबदल्यात सकाळी पावणेनऊनंतर पोरांना शाळेत धाडणं त्यांच्याकडे. गुडघ्यामुळे उठबस नको, म्हणून डबे आणि दप्तरं सुनेने ओसरीच्या खाटेजवळ भरून ठेवायची. भाजी निवडणं, दाळ पाखडणं ही बसून होणारी कामंही आदल्या संध्याकाळीच त्यांच्याजवळ. लोक काय म्हणतील हा त्यांचा मुख्य घोर होता. वावरात गेलेल्या सुनेबद्दल लोक काही म्हणत नाहीत, त्यामुळे तो आपोआप मिटला. घरात बसून हाच अर्धा तास मागितला असता, तर मिटला नसता.

बांधावर

निंबाखाली पोतं अंथरायचं. डबा झाडाला टांगायचा, मुंग्या लागतात. फोन बंद न करता आवाज घालवून ठेवायचा. बंद लागला की घरचे घाबरतात आणि कोणीतरी सायकल काढून येतं. पहिल्या दोन-तीन दिवशी हात आपोआप कामाला जातात, बांधावरच्या काड्या वेचल्या जातात, विळा उचलला जातो. विळा घरीच ठेवावा. नंतर कधी केसांना तेल लागतं, गुंता सुटतो (वेचणीत दोन-दोन दिवस वेणी न सोडलेली असते), कधी नुसतं पडणं होतं. एखाद्या दिवशी झोप लागली आणि दहा वाजले, तर त्यात बिघडलं काही नाही. ती झोप बाकी होती.

आठवड्यात सातपैकी चार-पाच दिवस हे जमतं. बाजाराच्या दिवशी नाहीच. पोराला ताप आला, पाहुणे आले किंवा नळ उशिरा आला तर नाही. ढग आले तर दव पडत नाही, मग वेचणी लवकर लागते. आणि काही दिवस तीच मोडते, "एवढी ओळ काढून घेते" म्हणत. यातला शेवटचा प्रकार वाढत गेला तर कागदावर खूण करावी, बाकीच्यांचा हिशेब नको.

वेचणी संपल्यावर

पराटी उपटली की बांधावर जायचं कारण संपतं. फेब्रुवारीत वावर सुटतं आणि पापड, कुरड्या, वर्षाची दाळ असं सगळं घरावर येतं. तेव्हा जागा बदलावी लागते, वेळही. उन्हाळ्यात दीड ते तीन गाव झोपलेलं असतं. सासूबाई पडतात, चौक ओस असतो, आणि त्या वेळी आडवी झालेली सून कोणाच्या डोळ्यावर येत नाही. दार लावायची गरज नाही, ओसरीवर बाकीच्यांबरोबरच पडायचं. मात्र कुरड्यांचा चीक आणि पापडांची लाटणी त्या दुपारी ओढून घेऊ नये, त्या सकाळी दहाच्या आत आटपतात आणि उन्हालाही तेच बरं.

खरी अडचण जूनमध्ये येते. पेरणी झाली की निंदण लागतं, दव नसतं, दुपारी पाऊस असतो आणि घर ओलं-चिखलाचं. या अडीच महिन्यांत सलग २५ मिनिटं रोज निघत नाहीत, आठवड्याला दोनदा निघाली तरी पुष्कळ, आणि तीही पावसाने वावरातलं काम थांबलं तेव्हाच. आंघोळीचं पाणी आणि भारा मात्र पावसाळ्यातही नवऱ्याकडेच राहू द्यावा. "निंदण आहे, आता तूच पाहून घे" म्हणून ते काम एकदा तिच्याकडे परत आलं, तर पुढच्या वेचणीला सगळं थंड पाण्यापासून सुरू करावं लागतं. पऱ्हाट्या तेवढ्या मे महिन्यातच माळ्यावर चढवून ठेवाव्यात, भिजल्या की गंज काही वेळेवर चढत नाही.